फेडरल कंत्राट : नोंदणी करून थांबू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत सफाई, आयटी, छपाई, दुरुस्ती असे छोटे व्यवसाय चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पत्र. फेडरल सरकारचे काम मोठ्या कंपन्यांनाच मिळते, असे धरून अनेकजण तिकडे फिरकतच नाहीत. प्रत्यक्षात सरकारशी थेट होणाऱ्या मुख्य कंत्राटांच्या एकूण रकमेपैकी किमान २३ टक्के रक्कम छोट्या व्यवसायांकडे जावी, असे उद्दिष्ट कायद्यातच आहे. ऑक्टोबर २०२५पासून १५ हजार ते साडेतीन लाख डॉलरपर्यंतची खरेदी साधारणपणे छोट्या व्यवसायांसाठीच राखून ठेवली जाते. रास्त भावात काम करू शकतील अशा दोन छोट्या कंपन्या मिळण्याची शक्यता नसेल, तरच ती सर्वांना खुली होते. नवख्याने आधी याच टप्प्यातली कामे बघावीत.

फेडरल कंत्राटांसाठी सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर करावी लागणारी नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. ‘नोंदणी संपतेय, पैसे भरा’ अशा ईमेलना बळी पडू नका. नोंदणी अडते ती बहुतेक वेळा नावात आणि पत्त्यात. कंपनी स्थापनेच्या कागदावर एक नाव, कर खात्याकडे दुसरे, पत्ता जुन्या जागेचा, असे असेल तर पडताळणी आठवडेच्या आठवडे रखडते. म्हणून निविदा समोर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच उरकावे. दरवर्षी नूतनीकरण लागते. ते चुकले आणि निविदा भरण्याच्या दिवशी नोंदणी चालू नसेल, तर भाव कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते. आपल्या राज्यात फेडरल खरेदी कोण करते, हे शोधावे लागते. न्यू जर्सीतच बघा : पिकॅटिनी आर्सेनल हे लष्कराचे शस्त्रसंशोधन केंद्र, मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट हा लष्करी तळ, ईस्ट ऑरेंजचे माजी सैनिकांचे रुग्णालय. यूएसएस्पेंडिंग डॉट गव्ह या सरकारी खर्चाच्या संकेतस्थळावर कामाचे ठिकाण निवडले की सध्याचे कंत्राट कोणाकडे, कितीचे आणि कधी संपणार, हे सगळे उघड दिसते. वर्षभरात संपणारी कंत्राटे टिपून त्या कार्यालयातल्या लघुउद्योग अधिकाऱ्याला आत्ताच लिहा. ‘सोर्सेस सॉट’ म्हणजे हे काम कोण करू शकेल याची चाचपणी करणारी सूचना निघाली तर तिला जरूर उत्तर द्या. ती निविदा नसते, पण काम छोट्यांसाठी राखायचे की नाही, हे आलेल्या उत्तरांवर बरेचसे ठरते. इथे गप्प बसणे फार महागात पडते.

एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी आधी सांगत नाही. एट-ए (सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मालकांसाठी), महिला उद्योजक आणि हबझोन (मागास भागातल्या व्यवसायांसाठी) या खास सवलतींसाठी मालकीचा किमान ५१ टक्के वाटा अमेरिकी नागरिकांकडे हवा. ग्रीन कार्ड चालत नाही. सर्वसाधारण लघुउद्योग राखीव कामांना मात्र ही अट नाही.

सेवेच्या कामात भाव चुकतो तो मजुरीत. निविदेसोबत त्या भागासाठीचा किमान वेतनदराचा तक्ता जोडलेला असतो आणि मूळ वेतनाशिवाय भत्त्याची रक्कम वेगळी दिलेली असते. तो भत्ता विसरून तासाला एकच डॉलर कमी धरला, तरी पाच कामगारांचे प्रत्येकी वर्षाचे २,०८० तास म्हणजे १०,४०० डॉलर खिशातून जातात. शिवाय साडेतीन लाख डॉलरच्या वरचे राखीव सेवाकंत्राट घेऊन मिळालेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक पैसे मोठ्या उपकंत्राटदाराला देता येत नाहीत.

निविदा पाठवण्यापूर्वी तिच्यात नंतर झालेल्या बदलांच्या सगळ्या दुरुस्तीपत्रकांची पोच दिली आहे ना, हे तपासा. अंतिम वेळ कोणत्या टाइम झोनची आहे तेही बघा; कॅलिफोर्नियात बसून पूर्वेकडची वेळ तीन तासांनी चुकवणे सहज घडते आणि उशिरा आलेली निविदा सहसा उघडतही नाहीत.

हे एकट्याने करायची गरज नाही. संरक्षण खात्याच्या मदतीने चालणारी एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर केंद्रे निविदा वाचून समजावतात, बहुतेक ठिकाणी मोफत. पहिल्या भेटीला जाताना आपल्याला भरायची असलेली एखादी खरी निविदा छापून न्या. आणि वाटाघाटीच्या (फक्त भावावर नव्हे, प्रस्तावाचे मूल्यमापन करून ठरणाऱ्या) निविदेत काम हातचे गेल्याची सूचना आली, तर तीन दिवसांच्या आत लेखी ‘डीब्रीफिंग’ मागा. आपले गुण नेमके कुठे कापले गेले, हे खरेदी करणाऱ्या कार्यालयाला सांगावे लागते.

आपला,
एक वाचक