छताचे कापड निवडताना आधी झोळी मोजावी

प्रति,
मा. संपादक,

विषय: मुक्कामाच्या सामानाच्या यादीतील ताडपत्रीविषयी

महोदय,

आपल्या साप्ताहिक पुरवणीत रानात मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी सामानाची यादी प्रसिद्ध झाली आहे. यादी उपयुक्त आहे. मात्र तिच्यात ‘हलकी वॉटरप्रूफ ताडपत्री’ एवढ्या तीन शब्दांत ज्या वस्तूची बोळवण झाली आहे, तिच्यावर माणसाची अख्खी रात्र अवलंबून असते. तंबूला छत शिवलेलेच येते. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या झोळीत, झोपणाऱ्याला ते वेगळे निवडावे लागते. ‘हलकी’ आणि ‘वॉटरप्रूफ’ या दोनच शब्दांवर विसंबून मी ते एकदा निवडले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी पहिली ताडपत्री लांबीरुंदीला तीन-तीन मीटर होती, पाण्याच्या बाटलीएवढ्या पिशवीत मावत होती आणि पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक छापलेले होते. पावसातल्या दुसऱ्याच मुक्कामी मध्यरात्रीनंतर कमरेखाली गार लागले म्हणून मी जागी झाले. बॅटरी लावून वर पाहिले तर कापडाच्या आतल्या अंगाला एकही थेंब नव्हता. मग हात डोक्यामागे नेऊन झोळीचा पट्टा चाचपला, तर तो तेलात बुडवलेल्या वातीसारखा चिंब होता आणि दाबताच त्यातले पाणी माझ्या मनगटावर ओघळले. झाडाच्या बुंध्यावरून उतरणारे पाणी पट्ट्यावर येत होते, पट्ट्यावरून झोळीत शिरत होते आणि उताराने थेट माझ्या कमरेखालच्या खोलगट भागात साचत होते. उरलेली रात्र मी बसून काढली आणि मनातल्या मनात विक्रेत्याला दूषणे दिली. सकाळी मात्र त्याच ताडपत्रीचा खोलगा करून त्यात तांब्याभर पाणी ओतून तासभर टांगून ठेवले, तेव्हा खालची बाजू कोरडीच निघाली. कापडाचा दोष नव्हता, मीच काही मोजले नव्हते.

मोजायचे काय, तर आधी झोळी. दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेली झोळी साधारण ३ ते ३.३५ मीटर लांब असते आणि पट्टे जमिनीशी सुमारे ३० अंशांचा कोन करतील अशी ती टांगली, की तिच्या दोन टोकांमधले सरळ अंतर तिच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के भरते. माझी झोळी ३.३५ मीटरची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सुमारे २.७८ मीटर. तिच्यावर तीन मीटरचे छत ताणले तर दोन्हीकडे जेमतेम ११ सेंटिमीटर कापड पुढे येते. आता छताचे आढे, म्हणजे त्याची मधली सर्वांत उंच रेघ, झोळीच्या टोकापेक्षा ३० सेंटिमीटर उंच बांधले आहे आणि वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरपा झाला आहे असे धरा: झड कडेपासून ३० सेंटिमीटर आत येते, त्यातले ११ वजा केले तरी वाऱ्याकडच्या टोकाला झोळीचा वीतभर भाग भिजतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करावेत. आढे झोळीच्या जितके जवळ आणता येईल तितके आणावे, आणि आढ्याची लांबी झोळीच्या टोकांमधल्या अंतरापेक्षा दोन्हीकडे निदान २५ ते ३० सेंटिमीटर जास्त असावी. माझ्या झोळीला या हिशेबाने साडेतीन मीटरच्या आसपासचे छत हवे होते. पट्ट्यावरून येणाऱ्या पाण्याला तर याहून सोपे औषध आहे: छताच्या आत येणाऱ्या पट्ट्याला वीतभर सुती दोरी लोंबती बांधली, की पाणी तिच्यावरून खाली ठिबकते, झोळीपर्यंत जात नाही.

रुंदीचाही असाच विचार करावा लागतो, कारण अशा झोळीत माणूस सरळ झोपत नाही. पाठ सपाट राहावी म्हणून तो थोडा तिरका झोपतो, त्यामुळे डोके एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला मध्यरेषेबाहेर जातात. तीन मीटर रुंद कापड आढ्यावरून दोन्हीकडे दीड-दीड मीटर उतरते आणि ४५ अंशांच्या उतारावर आढ्यापासून साधारण १०५ सेंटिमीटर खालपर्यंत आडोसा देते; अडीच मीटरचे कापड ९० सेंटिमीटरही खाली पोचत नाही. ही १५-२० सेंटिमीटर वाऱ्याच्या रात्री फार जाणवतात. चौरस कापड कर्णावर टांगण्याची एक युक्ती आहे आणि तीन मीटरच्या चौकोनाला तीत ४.२४ मीटरचे आढे मिळते हे खरे. पण मग दोन्ही बाजूंना एकेकच कोपरा उरतो आणि कुशीला पाऊस लागतो. संथ पावसात ते चालून जाते, झडीत नाही.

आता वजन. पिशवीवर लिहिलेला आकडा बहुधा नुसत्या कापडाचा असतो. दोऱ्या, मेखा आणि पिशवी धरून दीडेकशे ग्रॅम सहज वाढतात, म्हणून दोन ताडपत्र्यांची तुलना एकूण वजनाला चौरस मीटरांनी भागूनच करावी. आपल्याला परिचित असलेली विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री बहुधा चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या पुढेच असते, म्हणजे दहा चौरस मीटरला किलोहून अधिक. सिलिकॉन मुरवलेले पातळ नायलॉन चौरस मीटरला ४०-४५ ग्रॅम भरते, म्हणजे तेवढेच छत अर्ध्याहून कमी वजनात होते. अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिलीनचे अतिबळकट धागे दोन पातळ फिल्म्सच्या मध्ये दाबून केलेले डायनीमाचे कापड त्याहूनही हलके असते, भिजल्यावर ताणत नाही आणि पाणी पीत नाही. पण ते महाग असते, घासल्याने लवकर खराब होते आणि त्याची घडीही मोठी होते. ज्याला आठवडेच्या आठवडे पाठीवर ओझे घेऊन चालायचे आहे त्याने त्याचा विचार करावा. वर्षातून चार-दोन मुक्काम करणाऱ्याला त्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

खरी निवड असते ती नायलॉन आणि पॉलिएस्टर यांच्यात. त्याच जाडीचे नायलॉन फाटायला अधिक चिवट असते, पण ते हवेतले बाष्प शोषते: ६५ टक्के आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सुमारे चार टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. भिजलेले नायलॉन सैल पडते. संध्याकाळी ढोलासारखे ताणलेले छत रात्री पोक काढते, त्या पोकात पाणी साचते, त्याच्या भाराने ते आणखी लोंबते आणि शेवटी माणसाला उठून, भिजत, दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. दोऱ्यांना टोकाशी हातभर इलॅस्टिक जोडले तर ही ढिलाई बरीचशी आपोआप भरून निघते. पॉलिएस्टरमध्ये हा त्रास नगण्य असतो आणि उन्हातही ते जास्त टिकते. माझे आताचे छत सिलिकॉनचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरचे आहे आणि काही ग्रॅम जास्त उचलण्याचा मला पश्चात्ताप होत नाही. कापडावर ‘१५ डी’, ‘२० डी’, ‘३० डी’ असे लिहिलेले असते तो डेनिअर होय, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा लहान तितका धागा बारीक, एवढेच त्यातून कळते. कापड पाणी किती रोखते ते त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी मिलिमीटरमध्ये दिलेला पाण्याच्या स्तंभाचा आकडा पाहावा लागतो आणि नेमका इथेच ग्राहक हुरळतो. कापडावर पाण्याचा स्तंभ वाढवत नेला असता ते किती उंचीला झिरपू लागते, हे तो आकडा सांगतो. अंगाखाली अंथरायच्या कापडाला मोठा आकडा लागतो, कारण गुडघा टेकला तर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब पडू शकतो आणि तो दहा मीटर उंच स्तंभाएवढा होतो. डोक्यावर ताणलेल्या उतरत्या छताला असा दाब सोसावा लागत नाही, पडलेला थेंब घरंगळून जातो. १,५०० मिलिमीटरचे चांगले कापड छताला पुरते, आणि ५,००० मिलिमीटरच्या आकड्यासाठी जाड लेपाचे ओझे वाहणे व्यर्थ आहे. आकड्याइतकाच लेप कशाचा आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पॉलियुरेथेनचा लेप ओलसर हवेत वर्षानुवर्षांनी विघटित होतो. कापड चिकट होते, त्याला आंबूस वास येऊ लागतो आणि लेपाचे पोपडे निघतात. सिलिकॉनला हा रोग नाही. मात्र सिलिकॉनवर शिवणी बंद करण्याच्या नेहमीच्या पट्ट्या चिकटत नाहीत, त्यामुळे अशा छताच्या शिवणी पुष्कळदा मोकळ्याच येतात.

शिवणीचा हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते, कारण पुरवणीतल्या यादीत त्याचा उल्लेखच नाही. असे हलके कापड सामान्यतः दीड मीटर पन्ह्याचे असते, त्यामुळे तीन मीटर रुंदीसाठी दोन पट्ट्या जोडाव्या लागतात आणि तो जोड नेमका आढ्यावर, म्हणजे झोपणाऱ्याच्या बरोबर वर येतो. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येऊ शकते. शिवणी बंद केलेल्या आहेत का, असे स्पष्ट विचारावे. नसतील तर सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचेच द्रावण बारीक ब्रशने शिवणीच्या वरच्या बाजूला लावावे आणि एक दिवस वाळू द्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, तासाभराचे आहे आणि ते टाळणाऱ्याच्या कपाळावर पहिल्याच पावसात थेंब पडतो.

दोरी बांधायच्या जागाही हाताने चाचपून पाहाव्यात. पातळ कापडात ठोकलेल्या धातूच्या कड्या वाऱ्याच्या हिसक्याने उपटून येतात. त्याऐवजी कोपऱ्यांना जादा कापडाचे अस्तर लावून त्यावर घट्ट टाके घातलेले पट्टीचे फासे असावेत. कडा सरळ आहेत की आत वळवलेल्या, हेही पाहावे. दोन टोकांना धरून लोंबती सोडलेली साखळी जो बाक घेते, तशा बाकात कडा कापलेल्या असल्या की ताण सर्वत्र पोचतो, फडफड थांबते आणि वजनही थोडे घटते. अशा छताचे पुन्हा दुसरे काही करता येत नाही, ही त्याची अडचण आहे. ज्यांना तीच ताडपत्री कधी झोळीवर, कधी जमिनीवर झोपताना आडोसा म्हणून वापरायची आहे, त्यांनी सरळ कडांचीच घ्यावी.

छत गळते अशी तक्रार करण्यापूर्वी आणखी एक शक्यता तपासावी. वारा नसलेल्या थंड रात्री श्वासातले आणि ओल्या जमिनीतले बाष्प कापडाच्या आतल्या बाजूला दवासारखे जमते आणि वरून जोराचा थेंब आपटला की त्याचा तुषार अंगावर उडतो. कापड बदलून यात फरक पडत नाही. छत थोडे उंच करून वारा खेळता ठेवल्याने पडतो, आणि म्हणूनच कडा अगदी जमिनीपर्यंत ओढून चारी बाजू बंद करण्याचा मोह, झड नसेल तेव्हा, आवरावा. चूल किंवा स्टोव्ह तर त्याखाली पेटवूच नये. एक ठिणगीही हे कापड वितळवून भोक पाडते आणि बंद छताखाली साचणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहून घातक असतो.

आपणास विनंती अशी, की पुरवणीत पुढच्या वेळी ताडपत्र्यांची तुलना छापाल तेव्हा कापडाच्या नुसत्या वजनाऐवजी दोऱ्या व मेखांसह एकूण वजन द्यावे, आढ्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी, लेप सिलिकॉनचा की पॉलियुरेथेनचा हे लिहावे आणि शिवणी बंद केलेल्या आहेत की नाहीत यासाठी एक वेगळा रकाना ठेवावा. त्या चार रकान्यांसाठी जागा कमी पडली, तर रंगांचा रकाना खुशाल गाळावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक