गुणांबरोबर संधीही मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्यातील दोन कुमार कबड्डीपटूंची तुलना करणारा मजकूर नुकताच वाचला. दोघांचेही चढाईतील गुण शेजारी शेजारी मांडून, त्यांतील एकाने अपेक्षाभंग केला असा निकाल लेखकाने दिला आहे. तो वाचताना मला कबड्डीशी सुतराम संबंध नसलेल्या दोन मुलांची आठवण झाली. माझा भाचा न्यू जर्सीत नेवार्कजवळ राहतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना बर्फावरच्या हॉकीची जी गोडी लागली, ती दाभोळला परतल्यावरही सुटलेली नाही. (सामने आपल्याकडे पहाटे असतात; वीज असली तर दिसतात.)

२०१९ साली नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत जॅक ह्यूज या अमेरिकन मुलाला न्यू जर्सी डेव्हिल्सने पहिल्या क्रमांकावर घेतले आणि काप्पो काक्को या फिनलंडच्या मुलाला न्यूयॉर्क रेंजर्सने दुसऱ्या. दोघेही अठरा वर्षांचे होते आणि दोन्ही संघ हडसन नदीच्या दोन काठांचे. आमच्याकडे खाडीच्या दोन तीरांवर दाभोळ आणि धोपावे समोरासमोर असावेत तसेच ते शेजार असल्यामुळे या दोघांची तुलना पहिल्या दिवसापासून सुरू झाली.

त्या वेळी काक्को अधिक तयार खेळाडू आहे असे अनेक जाणकारांना वाटत होते आणि त्यांचे काही चुकत नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फिनलंडने अमेरिकेला ३-२ असे हरवले, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत निर्णायक गोल काक्कोनेच केला होता आणि पराभूत संघात ह्यूज होता. त्या हंगामात काक्कोने फिनलंडच्या अव्वल लीगमध्ये जाणत्या पुरुषांविरुद्ध खेळून ४५ सामन्यांत २२ गोल केले आणि मे महिन्यात ब्रातिस्लाव्हा येथे वरिष्ठ गटाचे जगज्जेतेपदही मिळवले. ह्यूज मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमात मुख्यतः समवयस्कांबरोबर वाढलेला आणि अंगाने किरकोळ होता. नॅशनल हॉकी लीगमधील पहिल्या हंगामात काक्कोने ६६ सामन्यांत २३ गुण मिळवले, तर ह्यूजने ६१ सामन्यांत २१. या खेळात गोलाला एक गुण आणि त्या गोलाला हातभार लावणाऱ्यालाही एक गुण धरतात. आपल्या लेखकाने त्या वर्षी लिहिले असते, तर अपेक्षाभंगाचा शिक्का ह्यूजवर बसला असता.

२०२२-२३ च्या हंगामात ह्यूजने ९९ गुण मिळवले, काक्कोने ४०.

हा फरक केवळ अंगच्या गुणांचा आहे असे मला वाटत नाही. ह्यूज मध्यवर्ती आघाडीपटू असल्यामुळे चकती (या खेळात चेंडूच्या जागी ती असते) सारखी त्याच्याकडे येते. काक्को उजव्या बगलेवर खेळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेव्हिल्सचा संघ तेव्हा दुबळा होता आणि चुका करत शिकायला ह्यूजला भरपूर वेळ मिळाला. पहिल्या दोन हंगामांत ११७ सामन्यांत त्याचे अवघे ५२ गुण होते. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. रेंजर्सकडे मात्र झिबानेजाद, क्रायडर असे मुरलेले खेळाडू आधीच होते आणि काक्को आला त्याच उन्हाळ्यात पनारिनही आला. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू दोन मिनिटे शिक्षा भोगत बाहेर बसतो, तेव्हा पाच जणांना चौघांविरुद्ध खेळता येते आणि गुण याच वेळात झटपट वाढतात. त्या मोक्याच्या मिनिटांवर या जुन्या मंडळींचा पहिला हक्क होता. काक्को बहुधा कमी वेळ बर्फावर उतरणाऱ्या तिसऱ्या फळीत राहिला. जून २०२२ मध्ये टॅम्पा बेविरुद्धच्या ज्या सहाव्या सामन्यात रेंजर्सचे बाद फेरीतील आव्हान संपले, त्यात तर त्याला संघाबाहेरच बसवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो सिअॅटलच्या संघात गेला. त्या हंगामात रेंजर्सकडून ३० सामन्यांत त्याचे १४ गुण होते; सिअॅटलकडून ४९ सामन्यांत ३० झाले.

काक्को न्यू जर्सीत असता तर त्यानेही ९९ गुण मिळवले असते, असा दावा मी करणार नाही. बर्फावरून सरकताना ह्यूज ज्या सहजतेने दिशा बदलतो, ते शिकवून येत नाही. पण दोघांच्या वाढीची तुलना करायची, तर कोणाला कोणती मिनिटे मिळाली आणि शेजारी कोण होते, हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आपल्या मजकुरात नेमके हेच राहून गेले आहे. ज्या मुलाला त्यात कमी लेखले आहे, त्याचा खेळ मी तीन वर्षे मैदानाच्या कडेला बसून पाहत आलो आहे. संघातील जुने चढाईपटू सोयीच्या चढाया स्वतःकडे ठेवतात आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला या पोराला पाठवतात. तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर बाद व्हावे लागते, आणि समोरच्या सातही जणांना ते ठाऊक असते. अशा चढायांतून येणारे गुण आणि निवांत केलेल्या चढायांतून येणारे गुण एकाच तराजूत घालणे योग्य नाही. तेव्हा यापुढे असा तक्ता छापताना प्रत्येकाने एकूण किती चढाया केल्या आणि त्यांपैकी तिसऱ्या किती, हे दोन रकाने त्यात वाढवावेत, ही विनंती. ही माहिती गुणलेखकाच्या नोंदीतून सहज मिळते. त्या मुलाच्या शेवटच्या तीन सामन्यांच्या नोंदींची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी