फॉस्टर सर गेले

टॅलाहासी, फ्लोरिडा
5 सप्टेंबर 2010

ती. काकांस सा. न.

डॉ. विल्यम फॉस्टर 28 ऑगस्टला गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांना 91 पूर्ण झाली होती. इथल्या फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा 'मार्चिंग 100' हा बँड त्यांनी 1946 पासून 1998 पर्यंत सांभाळला. नाव शंभरावरच राहिलं, वादक तीनशेच्या पुढे गेले. कॅन्ससला शिकताना 'काळ्या बँडमास्तरला नोकरी कुठली?' असं त्यांना ऐकवलं होतं. त्यांचाच बँड 1989 साली, 14 जुलैला, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेतर्फे वाजला.

त्यांच्या बँडची खरी ओळख म्हणजे पावलं. सगळ्यात जलद चाल मिनिटाला 320 पावलांची, सगळ्यात संथ 20 ची. लोक टाळ्या जलद चालीला देतात. अवघड मात्र संथ चाल. तीन सेकंदांना एक पाऊल! मांडी जमिनीला समांतर, चवडा खाली ताणलेला, सगळा भार एका पायावर आणि खांद्यावर पितळी सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला मोठा कर्णा. कंबर जराशी ढिली पडली की कर्ण्याचं तोंड डुलतं आणि अख्ख्या ओळीची चूक लांबून दिसते. पाय टाचेवर आपटला तर त्याहून वाईट, मुखनळी थेट ओठांवर बसते. म्हणून आधी चवडा टेकायचा.

अंतराचा हिशेब इथल्या बहुतेक बँडचा एकच: अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ, तेवढ्यात आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. उंच मुलं हमखास लांब टाकतात आणि ओळ फुगते.

आता तुमच्या ढोल-ताशा पथकाची शेपटी तालात मागे पडते असं तुम्ही म्हणालात, त्याबद्दल. दीडशे फूट जायला आवाजाला सेकंदाचा साधारण आठवा हिस्सा लागतो. मिनिटाला 120 ठोके असतील तर पाव ठोका तिथेच गेला! इथे ढोल मागे ठेवतात. फक्त मागचे वादक पुढे उभ्या बँडप्रमुखाच्या काठीकडे बघून वाजवतात, बाकीचे पाठीमागून येणाऱ्या आवाजावर. समोरच्या गॅलरीत सगळं एकदम पोचतं. आपल्याकडे ऐकणारे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे हा उपाय जसाच्या तसा चालायचा नाही. ताशे मधोमध घ्या, निदान अंतर निम्मं होईल. आणि टोलाचा इशारा शेवटच्या रांगेला दिसेल इतका उंच द्या. शिट्टीही आवाजच, तीही उशिराच पोचते.

चतुर्थी शनिवारी. त्याआधी एक तालीम ढोलाशिवाय, नुसत्या पावलांची घ्या.

काकूंना नमस्कार.

आपला,
मिलिंद