नाट्यगृहात एलईडी आले, रंगांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या नाट्यगृहाचे नूतनीकरण झाले की खुर्च्या, वातानुकूलन, स्वच्छतागृहे आणि वाहनतळ यांवर भरभरून लिहून येते. ते यायलाच हवे, प्रेक्षकांचे हाल आम्हीही पाहतो. पण रंगमंचावरचे दिवे बदलले, तर बातमीत ‘अत्याधुनिक एलईडी प्रकाशव्यवस्था’ एवढे तीन शब्द येतात आणि विषय संपतो. मी व्यावसायिक नाटकांबरोबर दौऱ्यावर असते, प्रकाशसंचालन करते. या तीन शब्दांच्या पलीकडे काय होते ते आपल्या वाचकांपर्यंत, आणि जमल्यास महापालिकांच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

पूर्वी हजार वॅटचा हॅलोजन पार (रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा) असायचा आणि त्याच्यापुढे जिलेटीनचा रंगीत कागद. कागदाला नंबर असे. ली कंपनीचा 103 म्हणजे फिकट गवती पिवळा, 106 म्हणजे लाल, 181 म्हणजे गडद जांभळट निळा. साताऱ्यात 103 लावा नाहीतर नागपुरात, मागचा दिवा साधारण 3200 केल्विनचा, म्हणजे उबदार पांढऱ्या उजेडाचाच, त्यामुळे चेहऱ्यावर पडणारा रंग थोड्याफार फरकाने तोच. प्रकाशयोजनाकाराने वहीत नंबर लिहून ठेवला की काम झाले.

एलईडीत कागद नाही. तिथे रंग आकड्यांनी तयार होतो. बोर्ड (दिवे चालवायचे यंत्र) किंवा लॅपटॉप दिव्याशी डीएमएक्स 512 या भाषेत बोलतो. ही पद्धत 1986 साली ठरली. एका लाईनवर 512 चॅनल, प्रत्येक चॅनलवर 0 ते 255 पर्यंतचा एक आकडा. लाल 255, हिरवा 140, निळा 20 असे दिले की तिन्हीसांजेचा केशरी उजेड मिळतो. तो साठवायचा, नाव द्यायचे आणि प्रयोगात वेळ आली की एका बटणावर परत बोलवायचा. मी याच्या विरोधात अजिबात नाही. मध्यंतरात शिडी लावून तापलेल्या दिव्यापुढचा कागद बदलणारी मुले मी पाहिली आहेत, त्यांची बोटे भाजलेली पाहिली आहेत. आज त्याच आठ दिव्यांत मागच्या पडद्यावर पहाटही होते आणि चांदणेही पडते. विजेची बचत होते ती वेगळीच.

पण हे साठवलेले आकडे म्हणजे रंग नव्हेत, आणि इथेच सगळी गफलत होते. 255 लाल म्हणजे ‘या दिव्यातला लाल पूर्ण पेटव’ एवढीच आज्ञा. तो लाल किती प्रखर, कोणत्या छटेचा, हे दिवा बनवणाऱ्यावर ठरते. कुठे लाल-हिरवा-निळा एवढेच असते, कुठे सोबत पांढरा, कुठे अंबरसुद्धा (मधासारखा पिवळा-केशरी). तोच पांढरा एका दिव्यात दुधाळ थंड, दुसऱ्यात उबदार. फक्त तीन रंगांतून पांढरा बनवला तर भिंत पांढरी दिसते, पण माणसाच्या चेहऱ्यावर निस्तेज गुलाबीसर झाक येते. पिवळ्या-केशरीचा जो भाग हॅलोजनमध्ये आपोआप असायचा, तो इथे लाल आणि हिरव्याच्या मधोमध जवळजवळ रिकामा असतो. हळदी रंगाचे लुगडे नेसलेली आजी रंगमंचावर आली की हे लगेच कळते. त्यात हॅलोजन मंद करत नेला की तो आपसूक तांबूस होत जाई. एलईडी मंद होतो, पण तांबूस होत नाही. समईच्या उजेडाचा प्रसंग पूर्वी अर्धा डिमरच (उजेड कमी-जास्त करायची सोय) करायचा, आता तो रंग वेगळा बांधावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एका महापालिकेच्या नाट्यगृहात आमचा प्रयोग होता. आधीचा कार्यक्रम लांबला, मंच उशिरा ताब्यात आला, सेट कसाबसा उभा राहिला आणि दिवे तपासायला जेमतेम एक फेरी मिळाली. व्यवस्थापनाने दिलेल्या यादीत सगळे पार एकाच मोडमध्ये आहेत असे होते; मोड म्हणजे कोणत्या चॅनलने दिव्यातले काय चालेल ती मांडणी. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात आई मुलाचे शेवटचे पत्र वाचते, तिथे मी अंबर हळूहळू वर आणते. अंबर चढू लागला आणि डावीकडचे तीन दिवे ऑर्केस्ट्रासारखे फडफडायला लागले. प्रेक्षकांत कुजबुज झाली, मागून कोणी ‘शॉर्टसर्किट’ म्हणाले. बाईंनी पत्र हातात धरून वाक्य थांबवले, मी ते तीन दिवे बंद केले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. पुढचा सगळा प्रवेश अर्धा चेहरा अंधारात ठेवून झाला.

कारण नंतर सापडले. त्या तीन पारांची मधल्या काळात दुरुस्ती झाली होती आणि परत लावताना त्यांचा मोड बदलला गेला होता. माझी फाईल ज्या चॅनलवर अंबर पाठवत होती, त्या चॅनलवर त्या दिव्यांचा स्ट्रोब, म्हणजे उघडझाप, होता. दिव्याच्या मागे एक बोटभर पडदा असतो, त्यावर मोड आणि पत्ता (दिव्याच्या पहिल्या चॅनलचा क्रमांक) दिसतो. दुरुस्तीनंतर तो कोणी वाचून यादीत लिहिला असता तर एवढे पुरले असते.

यावर उपाय आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. चांगल्या प्रोग्रॅमिंगमध्ये क्यूत (प्रयोगातल्या उजेडाच्या एकेका बदलात) आकडे साठवत नाहीत, पॅलेट साठवतात. म्हणजे ‘तिन्हीसांज’, ‘समई’, ‘चांदणे’, ‘दुपारची खोली’ असे आठ-दहा मूळ रंग आधी बांधायचे आणि प्रत्येक क्यूत त्या रंगाचा फक्त हवाला द्यायचा. ग्रँडएमए किंवा ईटीसीच्या बोर्डांत ही सोय आहेच. साठ क्यूंचे नाटक घेऊन नव्या गावी गेले की खुर्चीत एक माणूस बसवायचा, त्याच्या चेहऱ्याकडे बघत ते आठ-दहा रंग तिथल्या दिव्यांना जुळवायचे, आणि साठच्या साठ क्यू आपोआप जागेवर येतात. गायक पेटीप्रमाणे पट्टी बदलतो, बंदिश बदलत नाही, तसे. चेहऱ्याशिवाय हे जुळवणे मात्र मला मान्य नाही. मॉनिटरवरच्या रंगीत चौकोनावर विश्वास ठेवून केलेले रंग मंचावर हमखास फसतात.

रंग परत बोलावण्याचेही शास्त्र आहे. केशरीवरून निळ्यावर सरळ फेड (हळूहळू होणारा बदल) दिला तर आकडे एकमेकांना वाटेत भेटतात आणि मध्येच मळकट जांभळा उजेड पडतो. सूर्यास्ताच्या प्रसंगात तो खटकतो. म्हणून मधे एक क्यू घालावा लागतो, किंवा केशरी दिवे मंद होऊ देऊन निळे दुसऱ्या बारवरून (दिवे टांगायच्या दांड्यावरून) आणावे लागतात. अंधारात असलेल्या दिव्याचा पुढचा रंग आधीच लावून ठेवायचा, नाहीतर उजेड येताना प्रेक्षकांसमोर रंग पालटतो. हे सगळे तालमीत ठरलेले असते. पण नाट्यगृहातला दिवा नेमका कोणता हेच माहीत नसेल, तर तालमीत ठरवलेले तिथे पोहोचत नाही.

व्यावसायिक नाटकवाले निदान आपल्या अनुभवावर निभावून नेतात. मला जास्त काळजी हौशी संघांची वाटते. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला बक्षीस असते. तालुक्याच्या गावाहून मुले येतात, लॅपटॉपवर क्यूएलसी प्लससारखे मोफत सॉफ्टवेअर घेऊन, महिनाभर रात्री जागून बांधलेले लुक (प्रसंगांचे उजेड) घेऊन. त्या सॉफ्टवेअरमध्येही दिव्याची जात आणि मोड अचूक निवडला तरच रंग बरोबर येतो. केंद्रावरचे दिवे ती मुले प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा पाहतात. मग सगळा वेळ पत्ते शोधण्यात जातो आणि परीक्षकांसमोर जे दिसते ते त्यांनी योजलेले नसते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने प्रत्येक केंद्राची दिव्यांची यादी संघांना तालमी सुरू असतानाच पाठवली तर केवढा फरक पडेल.

नाट्यगृहांकडून माझी मागणी मोठी नाही. कोणत्या बारवर कितवा दिवा, त्याची कंपनी आणि मॉडेल, मोड आणि पत्ता, एवढा तक्ता बोर्डाशेजारी चिकटवलेला असावा आणि आरक्षणाच्या पावतीबरोबर नाट्यसंस्थेला मिळावा. दिवा उतरवून परत चढवला की त्याच दिवशी तक्ता सुधारावा. आपल्याच दिव्यांवर नीट जुळवलेल्या दहा मूळ रंगांची एक फाईल नाट्यगृहाने तयार ठेवावी आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेनड्राइव्हवर द्यावी. निविदेत ‘एलईडी पार 54 बाय 3’ (तीन वॅटच्या 54 एलईडींचा पार) एवढेच लिहून भागत नाही. एका बारवरचे सगळे दिवे एकाच मॉडेलचे हवेत, त्यात उबदार पांढरा किंवा अंबर हवा, आणि मंद करताना शेवटच्या टप्प्यात उजेड पायऱ्या उतरल्यासारखा तुटू नये म्हणून 16 बिट, म्हणजे फार बारीक टप्प्यांचे डिमिंग हवे, हे लिहायला हवे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत गेले, त्यानंतर त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. अशा कामांच्या निविदेत या ओळी असाव्यात असे मला मनापासून वाटते. आणि दोन प्रयोगांच्या मधे अर्धा तास तरी मंचावर पूर्ण अंधार करून फक्त दिव्यांना मिळावा.

तक्ता आणि फाईल तयार करण्यासाठी कोणत्याही सार्वजनिक नाट्यगृहाने बोलावले तर दौरा नसेल त्या दिवशी मी येईन, मानधन नको. माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणा झाल्यास तो जरूर द्यावा.

आपली,
एक प्रकाशसंचालिका, डोंबिवली