दिवे घाटाआधी पायांचं बघा

ती. आई-बाबा,
सा. न.

यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचं ठरवलंयत, तर तयारी आत्तापासून करा. वारीतला हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीस-बत्तीस किलोमीटर. त्यात दिवे घाटाची चढण लागते ती निम्म्याहून जास्त चालून झाल्यावर.

लक्ष्मी रोडवरून नवे बूट आणू नका, पायात मुरलेलेच घाला. पावसात मोजे भिजले की कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. म्हणून दोन जोड कोरडे मोजे पिशवीत हवेत, आणि निघताना टाचांना, बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. चुरचुरायला लागलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका.

बाबा, तुम्हाला शुगर आहे, तेव्हा अनवाणी चालायचं नाव काढू नका. खडा रुतलेला कळतसुद्धा नाही. गोळी घेऊन उपाशी चालू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा.

आई, बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणी टाळशील, मला माहितीये. चक्कर त्यानेच येते. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाल, अर्ध्या बाटलीत नको. आणि वाटेत वाटतात ते सगळं खायचं नसतं!

हडपसरला तुकोबांची पालखी लोणीकडे वळते, तुम्ही सासवडचा रस्ता धरा. दमलात तर परत फिरायला हीच जागा. पुढे घाटात गाड्या बंद असतात. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तिथे रेटारेटी फार, लांबच राहा. दिंडीच्या रांगा तोडून आडवं जाऊ नका, कडेने चाला. सोबतच्यांना ‘माउली’ म्हटलं की पुरे. ‘कितवी दिंडी?’ विचारलंत की ‘रथामागे अमुक नंबर’ असं सांगतील. तो नंबर लक्षात ठेवा. चुकामूक झाली तर दोघांनी त्याच दिंडीपाशी यायचं.

सासवडला मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात ती समाजआरती चुकवू नका. चोपदाराने, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणाऱ्याने, हातातली काठी उंचावली की शेकडो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्यांची तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात.

परतताना बोपदेव घाटाने या. आमचे नंबर कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, मोबाइल भिजतो.

तुमची,
ताई