मंगळवारच्या आधी एवढं वाच

शाहूपुरी, सातारा
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

"गुडघ्याची वाटी घासलीय, मंगळवारी इंजेक्शन घेतोय," असं तू सकाळी म्हणालास आणि फोन कट झाला. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

जिना उतरताना कळ, एसटीत पाय दुमडून बसलं की उठताना वाटीमागे ठणका. माझंही हेच होतं रे. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कमजोर पडले की ती बाहेरच्या अंगाला ओढली जाते आणि मागच्या कूर्चेवर, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तरावर, भार येतो. एकदम वाढवलेलं चालणं, वजन, वय, हेही असतंच. पण एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नसतं.

गेल्या वर्षी मी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. चार दिवसांत गुडघा हलका झाला आणि पुढच्याच आठवड्यात मी अजिंक्यताऱ्यावर गेलो. अडीच महिन्यांनी कळ परत हजर. औषधानं सूज उतरते, मांडीत ताकद येत नाही, हे तेव्हा मला कुणी समजावलं नव्हतं.

तुला तर डायबेटीस आहे. स्टिरॉइडनं काही दिवस साखर चढते, ते डॉक्टरांशी आधीच बोल. पुन्हापुन्हा घेतलं तर कूर्चेलाच इजा होऊ शकते. सांध्यात वंगणासारखं सोडतात ते जेलचं, किंवा आपल्याच रक्तातून काढलेल्या द्रवाचं, म्हणजे पीआरपीचं, इंजेक्शन सुचवतील. दोन्ही महाग, आणि गुण सगळ्यांना सारखा येत नाही. कुठलंही घेतलंस आणि नंतर ताप आला, गुडघा लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

मला उतार पडला तो व्यायामानं. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी आवळायची आणि दहा आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी चार आकड्यांतच मांडी थरथरायला लागली होती. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घे. तीन महिने लागले, पण आता चार भिंती स्मारकाच्या टेकडीवरून न थांबता उतरतो.

इंजेक्शन घेऊ नकोस असं नाही. दुखण्यानं व्यायामच होत नसेल तर घे, आणि ते थोडं थांबेल तेवढ्या दिवसांत मांडी तयार कर. मंगळवारी डॉक्टरांना एवढंच विचार, "आधी तीन महिने व्यायाम करून बघू का?" काय म्हणाले ते रात्री कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू