दादा, त्या मुक्या डबीबद्दल आभार

प्रिय दादा,

रात्रीचे साडेअकरा झालेत आणि खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. गेली दोन वर्षं ती कधी ऐकलीच नव्हती. कपाटावर ठेवलेल्या जुन्या डेस्कटॉपचा पंखा रात्रंदिवस घुमायचा, आणि त्यालाच राउटर, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणारं यंत्र, म्हणायचा हट्ट माझाच होता. आता त्याच्या जागी तुम्ही सुचवलेली बिनपंख्याची डबी आहे.

तुम्ही आधी हिशेब मांडलात. ६० वॉट चोवीस तास म्हणजे वर्षाला सव्वापाचशे युनिट. १० वॉटचं यंत्र ८८ युनिटांत भागतं. मी मात्र तोवर सहा पोर्टांचा एक भारी मिनी पीसी हेरून ठेवला होता. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: इंटरनेटची लाइन किती वेगाची, आणि केबल जोडायचे पोर्ट किती लागणार? लाइन २०० एमबीपीएस, पोर्ट दोन. पुढे तुम्ही काहीच बोलला नाहीत. मीच गुपचूप तो मिनी पीसी यादीतून काढला.

नुसता वाय-फाय राउटरच हवा असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर घालायची मुक्त प्रणाली) चालणारा घे, हेही तुम्हीच सांगितलंत. फ्लॅश (कायमची साठवण) १६ एमबी आणि रॅम १२८ एमबीच्या खाली जाऊ नको, आणि खोक्यावरच्या नावावर भुलू नको. तळाच्या लेबलवरची व्हर्जन बघ, कारण त्याच नावाखाली आत वेगळीच चिप निघू शकते. पण मला ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचं पीएफ, म्हणजे फायरवॉल, हवं होतं. म्हणून तुम्ही पीसी इंजिन्स कंपनीचा एपीयू२ हा छोटा बोर्ड सुचवलात: चार कोअरचा १ गिगाहर्ट्झचा एएमडी प्रोसेसर, इंटेलचे नेटवर्क पोर्ट, पंखा नाहीच. पीसी इंजिन्सने हे बोर्ड आता बंद केलेत, त्यामुळे जुनाच शोधावा लागला. पूर्ण गिगाबिटला त्याला धाप लागते, पण माझ्या लाइनीला तो पुरून उरतो.

पहिल्याच दिवशी डबी हाताला चांगलीच गरम लागली आणि मी घाबरून तुम्हाला फोन लावला. "गरम लागतेय ना? मग बरंच आहे. प्रोसेसरची उष्णता पत्र्यातून खोक्यात उतरतेय. डबी गार आणि प्रोसेसर तापलेला असता तर काळजी." तेव्हापासून तिच्यावर पुस्तकं ठेवत नाही.

खरे आभार मात्र त्या शनिवारच्या रात्रीचे. या बोर्डाला स्क्रीनचं तोंडच नाही, सगळा कारभार सीरियल पोर्टवरून, म्हणजे केबलने दुसरा कॉम्प्युटर जोडून त्याच्या पडद्यावर. त्यासाठी लागणारी तुमचीच नल-मोडेम केबल जोडली, बायोसची (बोर्ड चालू होताना आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामची) अक्षरं नीट दिसली, इन्स्टॉलर सुरू झाला आणि पडद्यावर नुसता कचरा. मी बोर्ड बिघडला म्हणून मोकळा झालो होतो. तुम्ही फोनवर शांतपणे म्हणालात, बायोस ११५२०० च्या वेगाने बोलतोय, ओपनबीएसडी ९६०० च्या. सिस्टिम सुरू होण्याआधीच्या बूट प्रॉम्प्टवर थांब, आधी स्पीड सांग, मग कन्सोल कॉम० वर, म्हणजे त्या सीरियल पोर्टवर, ने. दोन ओळी टाइप केल्या आणि कचऱ्याची अक्षरं झाली. अडीच तास डोकं आपटलं होतं त्यावर!

पीएफमध्ये शेवटचा जुळणारा नियम लागू होतो हेही तुम्ही बजावलं होतंत. मी तरी 'सगळं अडवा' ही ओळ तळाला लिहिली आणि स्वतःलाच राउटरच्या बाहेर काढलं. परत आत यायला तीच केबल कामी आली.

वाय-फाय तुमच्या सल्ल्याप्रमाणे जुन्या राउटरकडेच ठेवलंय, त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणं, बंद करून. ते बंद करायचं एकदा विसरलो होतो. त्या संध्याकाळी घरच्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे. पुढचं अपग्रेड झालं की नक्की आणून देतो. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, तेव्हा 'पुढचं' म्हणजे कधी, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तुमचा,
रात्री-बेरात्री फोन करणारा